ऑनलाइन रेट मॅच आणि कार्डची ऑफर एकाच बिलात कशी बसवायची? (सांगली, ५५ इंची टीव्ही)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. ५५ इंची टीव्ही घ्यायचाय. मॉडेल ठरलंय आणि तिन्ही ठिकाणी नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच आहे. दर असे:

ऑनलाइन ५४,०००. एका बँकेच्या क्रेडिट कार्डवर ईएमआय केला तर ४,००० सूट, म्हणून अ‍ॅपवर ठळक अक्षरात ५०,००० दिसतात.

विश्रामबागेतलं साखळी दुकान ५७,०००. तिथे दुसऱ्या एका बँकेच्या कार्डवर १० टक्के सूट, कमाल ३,०००, किमान खरेदी २०,०००, पूर्ण पैसे एकदम भरले तर. शिवाय टीव्हीच्या कंपनीचा ४,००० कॅशबॅक आहे, पण ६ महिने किंवा जास्त मुदतीच्या ईएमआयवर. सेल्समन म्हणतो, ऑनलाइनचा रेट मॅच करून देतो.

गावातला डीलर ५५,०००, रोख किंवा यूपीआय. कार्ड घासलं तर २ टक्के वर.

दोन्ही बँकांची कार्डं घरात आहेत. साखळी दुकानात ५०,००० दाखवून तोच रेट मागायचा आणि वर कार्डची सूट घ्यायची, असं जमतं का? आधी काय बोलायचं आणि नंतर काय? आणि नो कॉस्ट ईएमआय खरंच फुकट असतो का?

---

हिशेब_चोख

५०,००० दाखवू नका. तिथेच बोलणं फसतं.

सुटीचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी खिशातून येतो. तो कोणाचा हे कळलं की कुठे काय मागायचं ते आपोआप कळतं. ऑनलाइनचे ५४,००० हा विक्रेत्याचा दर. त्यातून कमी झालेले ४,००० हे बँकेच्या आणि अ‍ॅपच्या करारातले. त्या पैशाशी विश्रामबागेतल्या दुकानाचा काडीचा संबंध नाही, त्यामुळे तो रेट मागितला की मॅनेजर सरळ म्हणतो, "साहेब, ती बँक ऑफर आहे, आम्ही धरत नाही." त्याचं चूक नाही. आणि एकदा नाही म्हटलेला माणूस मग ५४,००० वरही आढेवेढे घेतो.

म्हणून विक्री दराला विक्री दर, बस. ५४,००० मागा. हा फरक दुकानाच्या खिशातला आहे आणि ते त्यांच्या हातात आहे. त्या वेळी कार्डचा विषय काढू नका. "पेमेंट कसं करणार?" असं विचारलं तर "आधी दर ठरू दे" एवढंच. ५४,००० कोटेशनवर लिहून घेतले की मग विचारायचं, या कार्डला मशिनवर काय ऑफर दिसतेय?

आता तुमचे आकडे. साखळी दुकान ५४,००० ला आलं असं धरू.

दहा टक्क्यांवालं कार्ड पूर्ण घासलं, तर ३,००० जाऊन ५१,०००. जागेवर विषय संपला.

कंपनीच्या कॅशबॅकसाठी ६ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय केला, तर ५४,००० वजा ४,०००. पण त्यात दोन गोष्टी वाढतात. नो कॉस्ट म्हणजे व्याज नसतं असं नाही. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच मनाई केली. तेव्हापासून बँक व्याज लावतेच, आणि तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकान आधीच सूट म्हणून कापून देतं. सरकारला मात्र त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी हवा असतो, आणि तो तुमच्या स्टेटमेंटवर येतो. १६ टक्के वार्षिक दर धरला तर:

३ महिने: व्याज १,४०८, त्यावर जीएसटी २५३
६ महिने: व्याज २,४३३, जीएसटी ४३८
९ महिने: व्याज ३,४३१, जीएसटी ६१८

व्याज सुटीत वळतं होतं, जीएसटी होत नाही. त्यात प्रोसेसिंग फी. समजा १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे ६ महिन्यांना ६७३ रुपये गेले. ५४,००० वजा ४,००० अधिक ६७३, एकूण ५०,६७३. वरवर बघता ५१,००० पेक्षा ३२७ रुपयांनी स्वस्त. पण हे ४,००० हातात पडायला बहुधा ९० दिवस तरी लागतात, आणि बऱ्याच कार्डांवर ईएमआयच्या व्यवहाराला रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत. पूर्ण घासलेल्या ५१,००० वर कार्ड १ टक्का पॉइंट देत असेल तर ते ५१० रुपये झाले. ३२७ ची बढत तिथेच संपली. मला विचाराल तर जागेवरची सूट घ्या.

आणि ऑनलाइनचे ५०,००० एकदा नीट उघडून बघा. ती ४,००० ची सूट ईएमआयवर आहे म्हणता. तो ईएमआय नो कॉस्ट नसेल, तर ५०,००० ला ६ महिन्यांत व्याज २,३५९, जीएसटी ४२५, फी २३५. झाले ५३,०१९! ३ महिन्यांनी केला तरी ५१,८१५. "बँक ऑफर" आणि "नो कॉस्ट ईएमआय" या दोन वेगळ्या पाट्या आहेत, दोन्ही एकाच व्यवहारात लागतातच असं नाही. पेमेंटच्या शेवटच्या पानावर "एकूण देय" ची ओळ वाचा, वरचं ठळक अक्षर नको.

---

काउंटरपलीकडे

वरचा हिशेब बरोबर आहे. दुकानाच्या बाजूने काय चालतं ते सांगतो, म्हणजे कुठे जोर लावायचा ते कळेल.

प्रत्येक मॉडेलला तीन आकडे असतात. एमआरपी, ज्याचा टीव्हीच्या बाबतीत काही उपयोग नाही, तो फक्त "४० टक्के सूट" असा बोर्ड लावायला. एमओपी, म्हणजे कंपनीला बाजारात जो दर टिकवून हवा असतो तो. आणि डीलरचं नेट लँडिंग, म्हणजे कंपनीच्या सगळ्या स्कीमा, क्रेडिट नोटा (कंपनीकडून नंतर मिळणारी वजावट) धरून त्याला माल कितीला पडला ते. रेट मॅचची सगळी ओढाताण एमओपी आणि नेट लँडिंगच्या मधल्या जागेत होते. ती जागा टीव्हीत फार मोठी नसते. एमओपीच्या खाली बिल फाडलं तर कंपनी स्कीमचा क्लेम अडकवू शकते, म्हणून कधी कधी दुकानदार म्हणतो, "बिल याच रेटचं होईल, पण भिंतीचा ब्रॅकेट आणि साउंडबार त्यात घालतो." ते खोटं बोलणं नव्हे, त्याची अडचण खरी असते. वस्तू कामाची असेल तर घ्या.

महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस, त्यातही मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. टार्गेटला दोन-चार नग कमी पडत असतील तर त्या नगांवर दुकान नफा सोडतं, कारण टार्गेट गाठल्यावर मिळणारी रक्कम सगळ्या मालावर मिळते. दसरा-पाडव्याला उलट होतं. बँकांच्या ऑफर तगड्या असतात, पण दुकानात गर्दी असल्याने कोणी दर जुळवत बसत नाही. दोन्ही एकाच दिवशी हवं असेल तर सणाच्या आधीचा आठवडा बघा. बऱ्याच ऑफर आधीच सुरू झालेल्या असतात. सकाळी ११ च्या सुमाराला जा आणि सेल्समनशी घोळ घालण्यापेक्षा फ्लोअर मॅनेजरला गाठा. सेल्समनला दर खाली आणायचा अधिकार जवळजवळ नसतोच.

मॅनेजर काय तपासतो? स्क्रीनशॉट धरत नाहीत. पान त्याच्यासमोर उघडावं लागतं. पिनकोड ४१६४१६ किंवा मिरजेचा ४१६४१० टाकून तिथे डिलिव्हरी होते का, माल शिल्लक आहे का, विक्रेता कोण, हे तो बघतो. कुठल्या तरी अनोळखी विक्रेत्याने दोन तासांसाठी लावलेला दर असेल तर नाही म्हणतो. मॉडेल नंबरमध्ये एक अक्षर वेगळं असलं तरी नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण ऑनलाइनसाठी म्हणून काढलेल्या मॉडेलांत पोर्ट कमी, रॅम कमी, पॅनलची वॉरंटी वेगळी असं असू शकतं. जुने दरही चालत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा आणि एसीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे त्याआधीची जाहिरात किंवा कोटेशन घेऊन वाद घालण्यात दम नाही.

एक सापळा. "नेट कितीला पडेल ते सांगतो" असं म्हणून कागदावर एकच आकडा लिहितात. त्यात दुकानाची सूट, बँकेची सूट, तीन महिन्यांनी येणारा कॅशबॅक, जुन्या टीव्हीचे एक्स्चेंज, सगळं कालवलेलं असतं. मग "रेट मॅच झाला की!" म्हणतात. प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागा. आणि रेट मॅचच्या बदल्यात एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारत असतील तर तो आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. दरात ३,००० सोडायचे आणि ४,००० ची वॉरंटी लावायची. वॉरंटी हवी असेल तर बिल झाल्यावर वेगळी घ्या, बऱ्याच कंपन्या स्वतःही पहिलं वर्ष संपायच्या आत देतात.

आता गावातला डीलर. तो अधिकृत असेल तर बहुधा त्याच्याकडेही पाइन लॅब्स कंपनीचं कार्ड घासायचं मशिन असतं, आणि टीव्हीच्या कंपनीचा ईएमआय कॅशबॅक त्या मशिनवर त्यालाही दिसतो. तो कंपनीचा पैसा आहे, साखळी दुकानाचा नाही. डीलर आपण होऊन सांगत नाही, कारण कार्डाचं शुल्क त्याच्या अंगावर येतं. "कंपनीची ब्रँड ईएमआय तुमच्या मशिनवर आहे का?" असं सरळ विचारा. ५४,५०० ला आला आणि वरचे २ टक्के सोडले, तर ५४,५०० वजा ४,००० अधिक ईएमआयचा खर्च ६७७, म्हणजे ५१,१७७. साखळी दुकानाच्या तोडीस तोड. आणि सेवेला हा माणूस सायकलवर टांग मारून घरी येतो, कॉल सेंटरला रांग लावावी लागत नाही. त्याची किंमत ज्याने त्याने ठरवायची.

---

मिरज_जंक्शन

एवढी डोकेफोड करण्यापेक्षा कोल्हापूरला जा की राव. तिथे दुकानं जास्त, चढाओढ जास्त.

---

हिशेब_चोख

@मिरज_जंक्शन जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, गाडीचं पेट्रोल सातशे-आठशे. साखळी दुकानाचा दर सांगलीत आणि कोल्हापुरात सहसा एकच असतो, बँकेची ऑफर तर देशभर तीच. फरक फक्त मॅनेजर किती सोडतो त्यात, आणि ते फोनवर विचारता येतं. शिवाय ५५ इंची पॅनल गाडीत आडवं टाकून अंकली-जयसिंगपूरच्या रस्त्याने आणायचं नसतं. खोका उभाच ठेवावा लागतो, आडव्या पॅनलला मधोमध दाब बसून तडा जातो आणि तो वॉरंटीत बसत नाही. कोल्हापूरचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून इथे दाखवायला वापरा, तेवढा उपयोग नक्की आहे.

---

स्लिपवाचक

दर ठरला, आता कार्ड घासायच्या क्षणाकडे या. बहुतेक पैसे इथेच बुडतात, आणि कारण क्षुल्लक असतं.

दुकानात दोन-तीन मशिनं असतात. ऑफर एका ठराविक मशिनवर असते. गर्दीत कॅशिअर हाताला येईल त्यावर कार्ड घासतो आणि सूट लागत नाही. नंतर बँक म्हणते व्यवहार पात्र नाही, दुकान म्हणतं बँकेला विचारा. म्हणून पिन टाकण्याआधी मशिनच्या पडद्यावर बघायचं. जागेवरची सूट असेल तर तिथे ५१,००० दिसले पाहिजेत, ५४,००० नव्हे. ५४,००० दिसत असतील आणि कॅशिअर म्हणत असेल "नंतर येतील", तर ती जागेवरची सूट नाही, कॅशबॅक आहे. थांबा आणि अटी विचारा.

ब्रँड ईएमआय असेल तर मशिनमध्ये कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर टाकावा लागतो. हा नंबर खोक्यावरचा, डिस्प्लेला लावलेल्या टीव्हीचा नव्हे. सीरियल नंबर एकदा वापरला की तो सहसा बंद होतो, दुसऱ्यांदा त्यावर ऑफर लागत नाही. म्हणून माल गोदामातून यायचा असेल तर आधी कोणत्या खोक्याचा नंबर लावणार ते ठरवून घ्या, आणि घरी आलेल्या खोक्यावर तोच आहे ना ते बघा. नंबर वेगळा निघाला तर कॅशबॅक आणि वॉरंटी दोन्हींची भानगड.

स्लिप हातात आली की दुकानातच वाचा. कर्जाची रक्कम, मुदत, व्याजदर, दरमहा हप्ता, कॅशबॅकची रक्कम आणि कधी जमा होणार ते त्यावर छापलेलं असतं. ६ च्या जागी ३ महिने पडलं असेल तर कॅशबॅक गेलाच. चूक दिसली तर त्याच दिवशी, त्याच मशिनवर व्यवहार व्हॉइड, म्हणजे रद्द, करता येतो. रात्री मशिनचं सेटलमेंट झालं (दिवसाचे व्यवहार पक्के झाले) की मग व्हॉइड होत नाही, रिफंड करावा लागतो आणि त्याला दिवस लागतात. तोवर कार्डची लिमिट अडकलेली.

लिमिटवरून आठवलं. ईएमआय केला तरी पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम लिमिटमधून वजा होते, हप्ते भरत जाल तशी मोकळी होते. ६०,००० लिमिटच्या कार्डावर ५४,००० चा ईएमआय केला तर पुढचा महिना त्या कार्डावर जेमतेम ६,००० उरतात.

दोन कार्डांत बिल फोडायचं का? तुमची १० टक्के, कमाल ३,००० वाली ऑफर ३०,००० ला भरते. त्यावरच्या २४,००० ला त्या कार्डाने काहीच मिळत नाही, म्हणजे ५४,००० वर खरी सूट साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तेव्हा ३०,००० या कार्डावर आणि २४,००० दुसऱ्या बँकेच्या कार्डावर, तिचीही ऑफर चालू असेल तर. पूर्ण स्वाइपच्या ऑफरमध्ये हे बऱ्याचदा चालतं. दोन अटी तपासा: किमान खरेदी बिलावर धरतात की घासलेल्या रकमेवर, आणि "एका बिलाला एकच ऑफर" असं लिहिलंय का. ब्रँड ईएमआयमध्ये मात्र फोडू नका, तिथे वस्तूची पूर्ण रक्कम एकाच कार्डावर लागते. आणि घरच्यांच्या नावाचं अ‍ॅड-ऑन कार्ड म्हणजे दुसरं कार्ड असं समजू नका. मूळ खातं एकच असल्याने बऱ्याच बँका मर्यादा दोघांत मिळून मोजतात.

जुना टीव्ही एक्स्चेंजला देणार असाल तर त्याचे पैसे बिलातून वजा होऊन उरलेल्या रकमेवर ऑफरची किमान अट मोजतात. गिफ्ट व्हाउचरचंही तेच. साखळी दुकानांची व्हाउचरं बँकांच्या रिवॉर्ड पोर्टलवर जादा पॉइंटांसह मिळतात. जमत असेल तर छान, पण व्हाउचरच्या रकमेवर कार्डची ऑफर लागत नाही, आणि माल परत केला तर ते पैसे बँकेत येत नाहीत, दुकानाच्या क्रेडिट नोटमध्ये येतात, म्हणजे त्याच दुकानात खर्चावे लागतात. तुमच्या बाबतीत एक रांगडा उपाय: ३०,००० ऑफरच्या कार्डावर, उरलेले २४,००० व्हाउचरने. मात्र व्हाउचर दर लेखी ठरल्यावरच काढा. आधी काढून ठेवलं आणि दर जुळला नाही, तर ते व्हाउचरच तुम्हाला त्या दुकानात बांधून ठेवतं.

यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड दुकानाच्या क्यूआरवर चालतं, पण मशिनवरची १० टक्क्यांची ऑफर त्यावर सहसा लागत नाही. ती कार्ड मशिनमध्ये घातल्यावरच.

आणि आधी पूर्ण घासून नंतर बँकेच्या अ‍ॅपवरून ईएमआयमध्ये बदलायचं असा विचार असेल, तर तो ईएमआय साधा, खऱ्या व्याजाचा. कंपनीचा कॅशबॅक त्याला मिळत नाही.

---

विश्रामबागकर

बापरे, एवढं डोक्यातच नव्हतं. धन्यवाद. आणखी तीन शंका.

डीलरचे २ टक्के कायद्यात बसतात का? मार्केट यार्डात भावाची हळदीची पेढी आहे, तिच्या नावावर बिल घेतलं तर जीएसटी वळता होतो का, त्याच वेळी तिथल्या ऑफिसला दीड टनाचा एसीही घ्यायचाय. आणि टीव्ही फुटका निघाला तर या सगळ्या ऑफरचं काय होतं?

---

जीएसटी_ताळेबंद

२ टक्के: कार्ड कंपन्यांच्या नियमात ग्राहकावर असं शुल्क लावणं बसत नाही. पण गावात सर्रास चालतं आणि भांडून दर कमी होत नाही. ५४,००० वर १,०८० होतात, तेवढे दर ठरवतानाच धरा: "कार्डावर सगळं मिळून किती?" हाच प्रश्न विचारायचा. रुपे डेबिट आणि बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, तिथे कोणी जादा मागत असेल तर देऊ नका.

पेढीच्या नावाचं बिल: घरच्या टीव्हीवर क्रेडिट (भरलेला जीएसटी पेढीच्या करातून वजा करणं) नाही, वस्तू धंद्यासाठी वापरली पाहिजे. ऑफिसच्या एसीवर मिळू शकतं. ५४,००० च्या बिलात ४५,७६३ मूळ किंमत आणि ८,२३७ जीएसटी असतो, म्हणजे रक्कम किरकोळ नाही. इथे सुटीच्या खिशांचा मुद्दा पुन्हा येतो. दुकानाने बिलावरच दर कमी केला तर करही त्या प्रमाणात कमी होतो. बँकेने दिलेली सूट बिलावरची किंमत कमी करत नाही, बिल ५४,००० चंच राहतं, आणि क्रेडिटही त्यावरच.

जीएसटी नंबर बिल फाडण्याआधी द्या. नंतर "जरा नंबर घालून द्या" म्हटलं की दुकानाला ग्राहकाचं बिल व्यापारी बिलात बदलावं लागतं, साखळी दुकानं ते बहुधा करत नाहीत. पैसे पेढीच्या खात्यातून जावेत, आणि तिथेच अडतं: कंपनीच्या नावाने दिलेली कमर्शियल कार्डं बहुतेक ऑफरमधून वगळलेली असतात. भावाच्या वैयक्तिक कार्डाने भरून पेढीच्या हिशेबात देणं दाखवता येतं, पण ते आधी त्यांच्या सीएला विचारा.

टीव्ही आणि एसी एकाच बिलात घेऊ नका. एक घरचं, एक धंद्याचं.

एसीला रेट मॅच करताना फक्त मशिनचा दर बघू नका. बाहेरच्या युनिटचा स्टँड, तांब्याचा पाइप किती फूट फुकट आणि पुढे फुटाला किती, भिंतीला भोक, स्टॅबिलायझर, जुना एसी काढायचे पैसे, हे सगळं धरून बरोबरी करा. ऑनलाइन दीड हजाराने स्वस्त दिसलेला एसी बसवून होईपर्यंत महाग पडतो. आणि स्टार लेबलवर लेबलची मुदत छापलेली असते. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या मुदतीचे पाच तारे आणि नव्या मुदतीचे पाच तारे एकच नाहीत. जुन्या लेबलचा माल असेल तर रेट मॅचपेक्षाही खाली मागा.

---

स्लिपवाचक

फुटक्या टीव्हीचं मी सांगतो.

खोका कंपनीचा माणूस आल्याशिवाय उघडू नका. उघडताना सलग व्हिडिओ काढा, आधी सीरियल नंबर, मग पॅनल चालू करून. फुटका निघाला तर त्या माणसाकडून तसा रिपोर्ट घ्या, त्याशिवाय दुकान परत घेत नाही.

नग बदलून दिला तर सीरियल नंबर बदलतो, आणि कॅशबॅक जुन्या नंबरावर नोंदलेला असतो. बदली बिलावर जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहून घ्या, नाहीतर तीन महिन्यांनी कॅशबॅक नाकारला गेल्यावर दाखवायला काही राहत नाही. पैसे परत हवे असतील तर पूर्ण स्वाइपमध्ये तुम्ही भरलेले ५१,००० येतात, ५४,००० नाही. ईएमआयमध्ये नुसता रिफंड येऊन भागत नाही, कर्जही रद्द झालं पाहिजे. बँकेला फोन करून ईएमआय बंद झाल्याची नोंद घ्या. प्रोसेसिंग फी आणि तोवरचं व्याज सहसा परत येत नाही. मध्येच ईएमआय फेडून टाकला किंवा कार्ड बंद केलं तरी बऱ्याच योजनांत कॅशबॅक जातो, शिवाय मुदतीआधी फेडल्याचं शुल्क पडतं.

कार्ड दुसऱ्याचं आणि बिल तुमच्या नावावर असलं तरी चालतं, पण रिफंड आणि कॅशबॅक कार्डवाल्याच्याच खात्यात जातो, आणि ईएमआय त्याच्या क्रेडिट रिपोर्टवर.

कॅशबॅक ठरलेल्या दिवशी आला नाही तर बिल, चार्ज स्लिप आणि ऑफरच्या अटींचं पान, तिन्ही जोडून बँकेला ईमेल करा. फोन पुरत नाही, तक्रार क्रमांक हवा. थर्मल कागदावरची स्लिप काही काळाने पुसट होते, म्हणून पहिल्याच दिवशी फोटो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी १४४४८. दुकानाची चूक असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

---

विश्रामबागकर

ठरलं. आधी साखळी दुकानात ५४,००० लेखी, मग पूर्ण स्वाइप. नाहीच जुळलं तर डीलरकडे ब्रँड ईएमआय विचारतो. एक शेवटचं: त्या कार्डचं स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला निघतं. ऑफर १५ ते २१ आहे. दिवसाने काही फरक पडतो का?

---

हिशेब_चोख

पडतो. १७ ला घासलंत तर १८ च्या स्टेटमेंटमध्ये येऊन पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ५१,००० भरावे लागतील. १९ ला घासलंत तर पुढच्या महिन्याच्या १८ ला निघणाऱ्या स्टेटमेंटमध्ये येईल, पैसे भरायला सात आठवड्यांच्या आसपास मिळतील, बिनव्याजी. १९ ला दुपारच्या आत जा. काही ऑफरला बँकेने ठरवलेली एकूण रक्कम असते, ती संपली की मशिन सूट दाखवणं बंद करतं, मग तारीख शिल्लक असली तरी उपयोग नाही.